अपुरा नाच

जयमालाने श्यामसुंदर धारपांच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा दादरच्या त्या तालमीच्या हॉलमधल्या मुली नाचायच्या थांबून बघतच राहिल्या. इतकी वर्षं ही बाई तिकडे फिरकली नव्हती. धारपही जरा चपापले, मग खुर्चीत रेलून हसले.

"आलीस म्हणायची! मला वाटलं, वाशीच्या चिखलात रुतलीस की काय."

"सर, एक रचना बसवतेय," जयमाला म्हणाली. "अजून अपुरी आहे. तशीच लोकांपुढे ठेवायची आणि त्यांना काय दिसलं ते विचारायचं, असा विचार आहे. पण तुमची नजर त्यावरून फिरायला हवी."

"अपुरं काम लोकांना दाखवायचं? हे कुणी शिकवलं तुला?"

"चार शहाणी माणसं येणार आहेत. वाशीच्या नव्या शहरात नृत्यशाळेला जागा द्यायचं ज्यांच्या हातात आहे ते साहेबसुद्धा यायचं म्हणालेत."

धारपांच्या हातातली वेताची काठी जमिनीवर सारखी टकटक करत असायची. ती थांबली. दादरची जागा भाड्याची होती आणि मालक उठवायला टपला होता, हे जयमाला पक्कं विचारून आली होती.

"येईन," धारप म्हणाले. "तू माझीच शिष्या. चार शब्द बोलेन तुझ्याबद्दल."

"शेवटी तुम्हीच बोलायचं, सर," जयमाला म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

धारपांच्या नृत्यमंडळात ती एकेकाळी पहिली नर्तिका होती. जुन्या कथा नाहीत, घुंगरू नाहीत, माणसाच्या साध्या हालचालींतून उभं राहणारं ते नवं नृत्य शिकायला ती चाळीतल्या घरातून, आईशी भांडून गेली होती. दिल्लीच्या प्रयोगाच्या सकाळी तिचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. धारपांनी कुठूनसा एक डॉक्टर आणून त्यात इंजेक्शन टोचायला लावलं आणि म्हणाले, "आज नाच. पाय उद्या बघू." ती नाचली. मधल्या उडीला गुडघ्यात काहीतरी ओल्या दोरासारखं तुटलं. विंगेत उभे राहून धारप काठी आपटत होते आणि दबक्या आवाजात म्हणत होते, "पुन्हा. पुन्हा." ती पुन्हा उडाली. पडदा पडला तेव्हा तिला दोन मुलींनी उचलून नेलं.

तेही तिने गिळलं असतं. पण ती प्लास्टरमध्ये असताना तिच्या जागी नवी मुलगी आली, आणि धारप ज्याला त्याला सांगत सुटले, "जयमालाचं काय विचारता! लग्न ठरलं, अंग सुटलं, नाचावरचं मन उडालं." पेपरवाल्यांना सांगितलं, इतर गुरूंना सांगितलं. शेवटी तिच्या आईने विचारलं, "तुझंच मन उडालं होतं ना गं?" त्या दिवशी जयमालाच्या पोटात जो निखारा पडला, तो लग्न होऊन, वाशीला बिऱ्हाड करूनही विझला नव्हता.

तिचा नवरा विलास रबाळ्याच्या एका कारखान्यात होता. दादरहून आल्यावर तिने त्याला एक वेताची काठी दिली. "मी नाचेन तेव्हा तू पडद्याआड बसून ही आपटायची. मी खूण केली की म्हणायचं, पुन्हा."

विलासने काठी उलटीसुलटी करून पाहिली. "माले, एक सांग. नाच करायचाय की सूड घ्यायचाय?"

"दोन्ही. एकाच पायाने."

त्र्याऐंशीच्या डिसेंबरातला रविवार होता. शाळेचा हॉल, मांडववाल्याच्या लोखंडी खुर्च्या, दुपारी मच्छर मारायला केलेला धूर अजून घुटमळत होता. सोसायटीतल्या बायका आल्या होत्या, देशावरचे एक निवृत्त मास्तर होते, ते जागावाले साहेब सपत्नीक पहिल्या रांगेत होते. वाशीशेजारच्या जुहूगावची कोळीण गोजरा टोपली बाहेर ठेवून आली होती. मासळी विकायला आली की गच्चीवर जयमालाचा सराव बघत बसायची तिला सवयच लागली होती. "अर्धा शिजलेला भात कोन पावन्याला वारतं काय?" असं तिने विचारलं होतं, पण नवं लुगडं नेसून आली होती.

टॅक्सीतून धारप उतरले, मागून अरुणा. त्यांची आताची पहिली नर्तिका, जेमतेम विशीतली. हॉलच्या पायऱ्या ती एकेक करून चढली, डावा पाय आधी, मग उजवा शेजारी आणून ठेवत. साडीच्या काठाखाली घोट्यावर पट्टी दिसत होती. जयमाला दारात हात जोडून उभी होती. तिला सगळं कळलं. तिने अरुणाला धारपांच्या शेजारची खुर्ची दिली.

नाचाला पेटी नव्हती, तबला नव्हता. जयमाला मधोमध आली आणि तिने आपला लंगडा पाय लपवला नाही. तोच पुढे टाकला. पडद्याआडून काठीची टकटक सुरू झाली. ती चालली, वळली, उडी मारायला गेली आणि पडली. "पुन्हा." ती उठली. पाय ओढत तीच वाट, तीच उडी, आणि पडली. "पुन्हा." एकदा तिने स्वतःचीच हनुवटी दोन बोटांत धरून वर उचलली, बाजारात गाईचं तोंड बघतात तशी. आधी मागच्या खुर्च्यांवर कुजबुज होती, मग ती थांबली. शेवटी जयमाला एका पायावर, अर्धी वाकलेली, थरथरत उभी राहिली आणि तशीच म्हणाली, "इथवरच झालंय. पुढचं अजून सुचलेलं नाही. तुम्हाला काय दिसलं?"

आधी मास्तर खाकरले. "बैलाला घाण्याला जुंपतात, तसं काहीसं वाटलं."

"बैल कशाला?" गोजरा मागून म्हणाली. "बाय हाय ती. तिचा पाय मोरलाय, तरी नाचवतंय तिला. यो काठीवाला कोन हाय? घोव हाय तिचा?"

"नाही," जयमाला म्हणाली. "गुरू आहे."

साहेबांच्या बायकोने धारपांच्या हातातल्या काठीकडे पाहिलं आणि चटकन मान वळवली. जयमालाने ते पाहिलं. दादरला दोनदा वाकल्याचं त्या क्षणी फिटलं.

"सर," ती गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही बोला आता."

धारप उठले. चेहऱ्यावर हसू होतं, पण कान लाल झाले होते. "रचना कच्ची आहे. तक्रार म्हणजे नृत्य नव्हे. दुखणं हे नर्तिकेचं भांडवल असतं. जिला ते वापरता येत नाही, तिने संसार करावा. जयमालाने तोच केला."

"मग याचा शेवट कसा करू, सर? त्या दिवशी दिल्लीला पुढे काय झालं, ते तुम्हालाच ठाऊक."

हॉलमध्ये सगळे धारपांकडे बघू लागले. त्यांना ते सहन झालं नाही. "अरुणा, ऊठ," ते म्हणाले. "दाखव यांना, हीच उडी कशी घेतात."

अरुणाने त्यांच्याकडे पाहिलं. "सर, पाय..."

"ऊठ."

ती उठली. आता जयमाला एक शब्द बोलली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं. ती बोलली नाही. बाजूला सरून तिने अरुणाला जागा करून दिली.

अरुणा धावली, उडाली आणि उतरताना कळवळली. धारपांची काठी फरशीवर आपटली, आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पुन्हा."

हॉलमधून एकदम श्वास ओढल्यासारखा आवाज आला. धारपांना आपण काय बोललो ते कळलंच नाही. अरुणा पुन्हा उडाली. पुन्हा काठी, पुन्हा तोच शब्द. जयमाला भिंतीला टेकून लोकांचे चेहरे बघत होती. एकेक चेहरा फिरत होता, आणि ते तिला वर्षानुवर्षांच्या तहानेवर पाणी मिळावं तसं लागत होतं. तिसऱ्या उडीला अरुणा कोसळली आणि पाय धरून तिने किंकाळी फोडली.

"अरे, काठी घ्या रं त्याचे हातानची!" गोजरा ओरडत पुढे धावली. तिनेच ती हिसकावली आणि खुर्च्यांखाली भिरकावली. मास्तर धारपांना म्हणाले, "लाज नाही वाटत?" साहेब उठले, बायकोचा हात धरून धारपांकडे न बघता बाहेर पडले. धारप "हा कट आहे, हा कट आहे" म्हणत राहिले, पण त्यांचं ऐकायला कुणी नव्हतं. ते एकटेच टॅक्सीत बसले. त्यांनी अरुणाला हाकसुद्धा मारली नाही.

अरुणाला विलासने आणि मास्तरांनी दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं.

नंतरचं सगळं जयमालाच्या मनासारखं झालं. नृत्यशाळेची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. वाशीची हकीकत दादरला पोचली, मुलींच्या आईबापांनी एकेक करून मुली काढून घेतल्या, आणि पुढच्या पावसाळ्याआधी घरमालकाने हॉलला कुलूप लावलं. जयमालाच्या आईने स्वतः वाशीला येऊन लेकीच्या गुडघ्याला तेल चोळलं. बराच वेळ चोळत बसली.

अरुणा एकदाच आली. प्लास्टर निघालं होतं, हातात कुबडी होती. चहा नको म्हणाली.

"त्या दिवशी पायऱ्यांवर तुम्ही माझा पाय पाहिला होता ना?"

"हो."

"मला बसवता आलं असतं तुम्हाला."

"आलं असतं," जयमाला म्हणाली.

"मग?"

आपल्याला कुणी बसवलं नव्हतं, हे उत्तर जयमालाच्या तोंडाशी आलं. पण अरुणाकडे बघून ते तिने आतच ठेवलं. "तो माणूस सगळ्यांना दिसायला हवा होता," ती म्हणाली. "तू उठल्याशिवाय दिसला नसता."

अरुणाने मान हलवली, पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. "तो नाच पुरा केलात तर मला बोलावू नका," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली. जयमाला आधार द्यायला पुढे झाली, तर तिने हात झटकला.

संध्याकाळी विलासने कामावरून आल्यावर विचारलं, कोण आलं होतं? जयमालाने सगळं सांगितलं, काही न वगळता. त्याने रिकामा डबा मोरीत ठेवला. मग म्हणाला, "माफी मागितलीस?"

"नाही."

"मागावीशी वाटली?"

"वाटली," जयमाला म्हणाली. "पण धारपांचा चेहरा आठवला, आणि पुन्हा तेच करीन असं वाटलं."

ती उठली, तिने भाताला आधण ठेवलं. त्या रात्री तिला झोप शांत लागली, आणि सकाळी जाग आल्यावर याचंच तिला थोडं भय वाटलं.