शेजारची कबर

मरणानंतर लहान-मोठा हा भेद उरत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. आमच्या नॉर्मंडीतल्या गावाला मात्र ते अद्याप कोणी कळवलेलं नाही. चर्चमागच्या दफनभूमीत कोणाचं काय चाललंय, हे दर एक नोव्हेंबरला, सगळ्या संतांच्या दिवशी, गाव फिरून पाहून घेतं.

लेओंतीनच्या वडिलांच्या उशाशी लोखंडी क्रूस होता. हयातभर सफरचंदाच्या दारूची पिंपं करणाऱ्या माणसाला तो पुरेसा होता. लेओंतीनलाही सहा वर्षं पुरला. मग या उन्हाळ्यात शेजारच्या जागेत नोटरी बूर्दे येऊन निजले आणि त्यांच्या बायकोने त्यांच्यावर छोटं देऊळच बांधलं. दगडी छप्पर, रंगीत काच, कुलपाचं दार!

"मेलेल्या माणसाला कुलूप कशाला?" लेओंतीनचा नवरा अल्सीद म्हणाला. तो नगरपालिकेत कारकून होता आणि जेवताना एवढंच बोलत असे.

"तुम्हाला नाही कळायचं! परवा बूर्देबाई बाबांच्या क्रूसाकडे बघून काय म्हणाल्या माहितीय? 'किती साधं! छान.' छान म्हणाल्या हो, माझ्या तोंडावर!"

त्या 'छान'ने लेओंतीनची अन्नावरची वासना उडाली. बाबांना आता संगमरवरच हवा होता. घरात पैसा नव्हता. पण आईचं कपाट होतं. आई, फिलोमेनबाई, जन्मल्या त्या आठवड्यात त्यांच्या वडिलांनी ओक पाडून लाकूड वाळत घातलं होतं, आणि त्या लग्नाच्या वयाला आल्या तेव्हा त्याचं कपाट झालं. दारावर कोरलेली कबुतरांची जोडी. रूआं शहरातला एक व्यापारी गुरुवारी ते विकत न्यायला येणार होता.

"ने बाई," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बाबांसाठीच ना?" आणि चादरी काढून खुर्चीवर रचू लागली.

बुधवारी पाथरवट मार्तेल दगडावरचा मजकूर घ्यायला घरी आला.

"'शोकाकुल कन्येकडून'," लेओंतीनने सांगितलं. "आणि 'कन्येकडून' जरा ठळक. शेजारून वाचता आलं पाहिजे."

"होईल. खाली आजींच्या नावाला जागा सोडू ना, मादाम? नंतर पुन्हा दगड उतरवायचा म्हणजे फार कटकट."

फिलोमेनबाई समोरच बसल्या होत्या.

"सोड की," त्या म्हणाल्या. "फक्त एवढं सांग मार्तेल, ही चादर आता कुठे ठेवू?"

"कसली चादर, आजी?"

"मला गुंडाळायची. लग्नाआधी मीच विणली. इतकी वर्षं खालच्या खणात होती. खुर्चीवर ठेवली तर मांजर बसतं रे."

मार्तेलने पेन्सिल कानामागे खोचली.

"मादाम, माझं पोट यावर आहे, तेव्हा मी बोलू नये. पण दगड मेलेला माणूस कधी मागत नाही, शेजारी मागायला लावतो. बूर्देबाईंनी ते छप्पर लिझिए गावात बहिणीच्या सासऱ्याच्या कबरीवर पाहिलं. तेही मीच केलेलं. त्या लिझिएकरांनी आणखी कुणाचं पाहिलं होतं. तुम्ही संगमरवर लावा, पलीकडच्या कबरीवाला खाटीक मला महिन्याभरात बोलावतो की नाही बघा! माझं चांगलंच आहे. आजींचं कपाट तेवढं परत यायचं नाही."

लेओंतीनने खुर्चीकडे पाहिलं. मांजर खरंच चढून बसलं होतं, त्याच चादरीवर.

अरे देवा! मेलेल्या बापाला सजवायला आपण जिवंत आईचा संसार खुर्चीवर आणून ठेवला! आणि ते कशासाठी, तर एका 'छान'साठी!

तिने मांजराला हाकललं. चादरी झटकल्या, एकेक घडी नीट केली आणि परत कपाटात ठेवल्या. ती चादर खालच्या खणात. गुरुवारी रूआंचा व्यापारी रिकाम्या गाडीने परत गेला.

वाचकहो, हेव्याला वस्तू नको असते. ती दुसऱ्याकडे आहे एवढंच त्याला सहन होत नाही. आणि त्याची किंमत बहुतेक वेळा घरातलं असं माणूस देतं, ज्याला 'नको' म्हणता येत नाही. आपापल्या घरात एकदा बघून घ्यावं.

एक नोव्हेंबरला लेओंतीनने क्रूस घासून लख्ख केला, शेवंतीची एकच कुंडी ठेवली, आणि जुनाच कोट घालून आईशेजारी ताठ मानेने उभी राहिली. हेव्यावर मात केलेली बाई कशी दिसते, ते गावाने आणि विशेषतः बूर्देबाईंनी पाहावं, म्हणून सकाळी नऊपासून दुपारी बारापर्यंत.

त्या दिवशी नदीवरून धुकं चढलं होतं. चार पावलांपलीकडचं कुणाला काहीही दिसलं नाही.