उपरण्याखालचा हात

मित्रांनो, मी एक जुनं उपरणं आहे, आणि पोलीस चौकीतल्या त्या फोटोवर माझा आजही दात आहे!

बैलांचे दलाल रंगनाथ यांच्या खांद्यावर माझी जागा. घोडेगावच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नसत. दोघांचे हात माझ्याखाली जात, बोटं दाबून सौदा ठरे, शेजाऱ्याला पत्ताही लागत नसे. अख्खा बाजार मला मान देई.

एकाहत्तर साली एका टोळीने एसटी स्टँडवर बॉम्ब फोडला. त्यात रंगनाथच्या धाकट्या भावाचे, पुंजारामचे, दोन्ही डोळे गेले. टोळीचा म्होरक्या फरार झाला. खर्ड्याच्या किल्ल्यात पोलीस पोचले, तर चूल गरम आणि माणूस गायब! पुणतांब्याला नदीकाठी शोधलं, तिथेही तेच. भीतीने कुणी तोंड उघडेना. मग त्याचा फोटो बाजारात चिकटवला. झालं! जो तो त्या कागदापुढे उभा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. काय एवढं होतं त्या गुळगुळीत तोंडात?

एका बाजाराच्या दिवशी दाढीवाला, फेटेवाला व्यापारी बैल घ्यायला आला. फोटोसमोरूनच आला, तरी हवालदार गोरक्षनेही त्याला ओळखलं नाही. रंगनाथने माझ्याखाली त्याची बोटं दाबली. तो दचकला. "हे काय? भाव तोंडाने सांगा ना!"

बैलांचा व्यापारी, आणि बोटांचा भाव ठाऊक नाही? रंगनाथने त्याचे डोळे निरखले, दाढीवर तेच फोटोतले डोळे, आणि मनगट आवळलं.

"सौदा हुईस्तोवर हात सोडायचा नसतो, पाव्हणं. हवालदार, पळत या, त्योच हाय!"

त्याने हिसका दिला. माझी किनार टर्रकन फाटली, पण रंगनाथची पकड सुटली नाही.

आणि पेपरात काय आलं? 'फोटोमुळे म्होरक्या सापडला!' फोटोला चौकीत काचेची चौकट मिळाली, मला घरातली खुंटी. अंगाची लाही लाही झाली हो माझ्या!

घरी जो येई तो पुंजारामला फोटोचंच कौतुक सांगे. शेवटी तो वैतागला. "फोटू मला काय दिसनार? दादा, तुजं उपरनं दे."

चाचपत त्याची बोटं माझ्या फाटक्या किनारीशी थांबली. "हितंच धरला व्हय त्याला?"

"व्हय, हितंच."

मला तोंडाशी धरून तो खूप रडला. रंगनाथच्या बायकोने, रंगुबाईने, सुई आणली, तर पुंजाराम म्हणाला, "नगं वैनी, शिवू नगं. असंच ऱ्हाऊ दे."

मित्रांनो, जुनं फडकं पोतेऱ्याला काढण्याआधी घरात एकदा विचारा, कुणाचा हात त्याला अजून शोधतो का. फोटोला काच मिळाली, मिळो बापडी. त्या काचेवरची धूळसुद्धा कुणी पुसत नाही म्हणे. माझ्यावरून रोज एक हात फिरतो.