सकाळी अकराची हवा

ऑगस्ट उजाडला की आमच्या टॅमरॅक फ्लॅट या गावात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: "आज किती?" म्हणजे हवेचा आकडा किती. माँटानाच्या डोंगरांत कुठे ना कुठे वणवा पेटलेला असतोच, आणि वारा फिरला की सगळा धूर आमच्या खोऱ्यात येऊन बसतो. आकडा पन्नासच्या आत असला तर हिरवा, दीडशेच्या वर गेला तर लाल. दोनशे ओलांडले की दारं-खिडक्या लावून घरात बसायचं, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे.

हा आकडा आम्हांला ड्वेन टॉलफसनच्या ॲपवर मिळतो. ड्वेन आमच्याच गावचा. हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस आहे. खोऱ्यात ठिकठिकाणी हवा मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत, त्यांचे आकडे एका संस्थेकडे जमा होतात, आणि ड्वेनचं ॲप ते मागवून आपल्या फोनवर दाखवतं. आकड्याशेजारी एक ठिपका सारखा लुकलुकत असतो आणि त्याखाली लिहिलेलं असतं, 'आत्ता'. गावाला पोराचं मोठं कौतुक होतं. मलाही होतं.

पण त्या संस्थेची एक अट होती. दिवसाला पाच हजार वेळा विचारा, त्यापुढे उत्तर उद्या. एरवी हे भरपूर होतं. धुराच्या दिवशी मात्र सगळं गाव तापत्या दुधावर डोळा ठेवावा तसं दर पाच मिनिटांनी फोन उघडायचं, आणि प्रत्येक फोन आपापला आकडा मागायचा. दुपारच्या आतच पाच हजारांचा फडशा पडायचा. ज्या दिवशी गरज सगळ्यांत जास्त, नेमका त्याच दिवशी आकडा बंद!

पहिल्या वर्षी अशा वेळी ॲपवर 'आजची मर्यादा संपली' असं यायचं. लोकांनी ड्वेनला शिव्या घातल्या. केस कापायच्या दुकानात एकाने तर तोंडावर सांगितलं, "तुझं ॲप म्हणजे पावसात न उघडणारी छत्री आहे." यावर सरळ उपाय होता. ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरने दर दहा मिनिटांनी एकदा विचारायचं आणि तेच उत्तर सगळ्यांना वाटायचं. काम दोन आठवड्यांचं होतं. ड्वेन म्हणाला, पुढच्या महिन्यात करू. तोवर त्याने एका ओळीची मखलाशी केली: उत्तर आलं नाही, तर आधीचंच उत्तर दाखवायचं. आकड्याखाली बारीक अक्षरांत वेळ असायची. लोक विचारायला लागले की हा सकाळचा कसा, म्हणून त्याने ती वेळही काढून टाकली. ठिपका तर नुसता शोभेचाच होता. उत्तर येवो न येवो, तो लुकलुकायचा आणि 'आत्ता' म्हणायचा.

तक्रारी थांबल्या. तीन उन्हाळे असेच गेले. दोन-चार तासांत हवा अशी किती बदलते, असं ड्वेन स्वतःला समजावत राहिला.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, अठ्ठावीस ऑगस्टला ती बदलली. डोंगरापलीकडे नवा वणवा लागल्याची बातमी सकाळीच आली होती, त्यामुळे सगळं गाव उठल्यापासून फोनला चिकटलेलं होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी मर्यादा संपली. तेव्हा आकडा होता एकेचाळीस, हिरवागार. दोन वाजता वारा फिरला.

साडेतीनला शाळेच्या धावण्याच्या संघाचा सराव सुरू झाला. संघ स्टेगरबाईंचा. लोर्ना स्टेगर छत्तीस वर्षं आमच्या शाळेत गणित शिकवतात, अर्धं गाव त्यांच्या हातून पास किंवा नापास झालेलं आहे. आभाळ मळकं होतं, धुराचा वास होता, पण तो काय महिनाभर होताच. दुसऱ्या मैलावर जोसी बर्डवेल ही चौदा वर्षांची मुलगी थांबली. संघातलं तिचं पहिलंच वर्ष. छाती आवळल्यासारखी होतेय, असं तिने सांगितलं. बाईंनी फोन उघडला. एकेचाळीस. तो हिरवा आकडा त्यांनी तिला दाखवला.

"हवा स्वच्छ आहे बघ. दम धर, थोडंच राहिलंय."

जोसी पळाली, आणि आणखी अर्ध्या मैलावर कालव्याच्या कडेला कोसळली. तिला दमा आहे हे तोवर घरच्यांनाही माहीत नव्हतं. रुग्णवाहिका आली, तीन दिवस इस्पितळात गेले. पोरगी वाचली, पण घरी आली ती कोणाशी धड बोलेचना.

पुढच्या गुरुवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात शाळेच्या बोर्डाची बैठक झाली. सगळं गाव लोटलं होतं. जोसीचे वडील एमेट लाकडाच्या गिरणीत काम करतात. अबोल माणूस. ते उभे राहिले आणि त्यांनी एवढंच विचारलं, की पोरगी सांगत असतानाही तुम्ही तिला का पळवलंत?

स्टेगरबाई म्हणाल्या, "फोनमध्ये एकेचाळीस होता. मी फोनवर विश्वास ठेवला, पोरीवर नाही. चूक माझी आहे."

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "त्या दिवशी एकेचाळीस? चष्मा बदला बाई!" लोक हसले. सकाळचं हिरवं बघून सगळे कामाला लागले होते, दुपारी फोन कोणी उघडलाच नव्हता, आणि संध्याकाळी बाहेर पडलो तर खोरं धुराने भरलेलं. वाचकहो, हे म्हणणारा मीच होतो. आज लिहितानाही कान गरम होतात.

ड्वेन तिसऱ्या रांगेत बसला होता. जोसी कोसळली त्या संध्याकाळीच त्याने ऑफिसात जाऊन तपासलं होतं. अकरा दहानंतर संस्थेने प्रत्येक वेळी नकार दिला होता. म्हणजे बाईंना एकेचाळीस का दिसला, हे त्या भरल्या खोलीत फक्त त्यालाच ठाऊक होतं. बोर्डाच्या अध्यक्षांनी त्याला विचारलं, त्या दिवशी ॲप बंद पडलं होतं का?

"नाही," ड्वेन म्हणाला. "ॲप चालू होतं."

शब्द न् शब्द खरा! आणि त्या खऱ्या शब्दांनी एका म्हाताऱ्या शिक्षिकेला सगळ्या गावादेखत खोटं पाडलं. बोर्डाने बाईंकडून संघ काढून घेतला.  जाताना बाईंनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि सावकाश बाहेर पडल्या. ड्वेनला त्यांच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.

 शनिवारी सकाळी ड्वेन बाईंच्या घरी गेला. त्या ओसरीवर बसून संघाचे धुतलेले गणवेश परत द्यायला घड्या घालत होत्या. ड्वेनही कधीकाळी त्यांचाच विद्यार्थी. पायरीवर उभ्या उभ्या त्याने सगळं सांगून टाकलं, मर्यादा, एका ओळीची मखलाशी, काढून टाकलेली वेळ, सगळं. बाई घड्या घालायच्या थांबल्या.

"म्हणजे तीन वर्षं आम्ही शिळा आकडा बघत होतो?"

"रोज नाही बाई. फक्त धुराच्या दिवशी."

"अरे, बाकीच्या दिवशी बघतंय कोण?"

ड्वेन म्हणाला, की आकडा खोटा नव्हता, एकेचाळीस खरोखरच आला होता. कधी आला होता, असं बाईंनी विचारलं. सकाळी अकराला, असं त्याने सांगितलं.

"हे बघ," बाई म्हणाल्या. "पोरगं सकाळी वर्गात होतं, दुपारी पळून गेलं. मी दुपारच्या हजेरीतही 'हजर' लिहिलं. संध्याकाळी त्याची आई शोधत आली, तर तिला काय सांगू? सकाळचं खरं होतं म्हणून?"

"माहीत नाही म्हटलं की लोक चिडतात, बाई."

"चिडू देत की. चिडलेला माणूस निदान उठून खिडकीतून बाहेर बघतो. तुझ्या त्या हिरव्या आकड्याने मला बाहेर बघूच दिलं नाही. समोर पोर धापा टाकत होती, ड्वेन, आणि मी आकडा वाचत होते."

 ड्वेन म्हणाला, की मी आजच बोर्डाला सगळं सांगतो, संघ तुम्हाला परत मिळेल.

"माझं नंतर बघू. आधी बर्डवेलांकडे जा. आणि मला सोडवायला म्हणून जाऊ नकोस. माझी चूक माझ्याकडे राहू दे, तू तुझी घेऊन जा."

तो तसाच निघाला. एमेट बर्डवेलनी त्याला आत बोलावलं नाही. दारातच, हाताची घडी घालून, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आता हे हात उगारणार, असं ड्वेनला वाटत होतं, आणि त्यांनी उगारला असता तर बरं, असंही वाटत होतं. पण आतल्या सोफ्यावरून जोसी उठून दाराशी आली.

"मी पळत होते तेव्हा खरा आकडा किती होता?" तिने विचारलं.

ड्वेनने तो संस्थेच्या नोंदींतून काढून घेतला होता. "दोनशे सव्वीस."

 पोरगी वडिलांकडे वळून म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते. बाईंनी हिरवं दाखवलं ना, तेव्हा मलाच वाटलं की मी भित्री आहे. म्हणून पळाले."

एमेटनी तोंड फिरवलं. ड्वेन मला नंतर म्हणाला, की थोबाडीत बसली असती तर गालावर लागली असती, हे कुठे लागलं ते सांगता येत नाही. आपल्या ॲपने चुकीचा आकडा दाखवला, एवढंच ओझं घेऊन तो तिथे गेला होता. एका मुलीचा तिच्याच शरीरावरचा विश्वास त्याने उडवला होता, हे त्याला त्या दारात कळलं.

सोमवारी तो बोर्डासमोर उभा राहिला. 'ॲप चालू होतं' हे आपलं वाक्य त्याने स्वतःच परत घेतलं, आणि त्यात काय लपवलं होतं ते सांगितलं. तेवढ्यावर न थांबता त्याने तीच कबुली ॲपवर, प्रत्येकाच्या फोनवर, आठवडाभर ठेवली. पुष्कळांनी ॲप काढून टाकलं. तोंडावर बोलणारेही निघाले. त्याने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि ते दोन आठवड्यांचं काम करायला बसला. स्टेगरबाईंना संघ परत द्या, ही मागणी बोर्डापुढे एमेट बर्डवेलनी केली. पहिल्या सरावाला बाईंनी मुलांना सांगितलं, की यापुढे कोणालाही त्रास झाला तर त्याने हात वर करायचा, मी कारण विचारणार नाही.

आता आमच्या फोनवर आकड्याखाली वेळ येते, ठळक अक्षरांत. आकडा तासाभरापेक्षा जुना झाला की नाहीसा होतो, आणि तिथे लिहिलेलं येतं: 'आत्ताचं माहीत नाही. बाहेर बघा.' सुरुवातीला आम्ही कुरकुरलो. कुरकुरत का होईना, खिडकीशी गेलो.

मी स्टेगरबाईंकडे माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला फक्त बसायला सांगितलं आणि कॉफी दिली. 

वाचकहो, ॲप बनवणारे आपल्यात थोडे, पण शिळं उत्तर ताजं म्हणून पुढे करणारे आपण सगळेच आहोत. ऑफिसात, घरात, पोरांपुढे, 'माहीत नाही' म्हणायची आपल्याला लाज वाटते. लाज तिथे नाही. माहीत नसताना माहीत असल्यासारखं बोलून दुसऱ्याला धुरात पळायला लावणं, लाज वाटायला हवी ती याची. आणि एखादं मूल छाती आवळतेय म्हणालं, तर आधी त्याच्या तोंडाकडे बघा. फोन खिशातच राहू द्या.