एरंडेलाचा हात

मित्रांनो, माझ्या पाठीवरून खुशाल हात फिरवा. बोटं चिकटणार नाहीत. एक जागा सोडली तर. ती जागा तशी का राहिली, तेच आज सांगते.

मी आता एक जुनी गिटार आहे, पण जन्मापासून गिटार नव्हते. आधी मी मल्लखांब होतो. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी कन्नडच्या घाटाकडून शिसवाचं एक खोड औरंगाबादच्या एका शाळेत आलं आणि मैदानात रोवलं गेलं, ते मीच. त्याच वर्षी व्यंकटराव मास्तर कसरत शिकवायला तिथे लागले. रोज सकाळी मुलं यायच्या आत ते मला एरंडेल चोळायचे. मुलांवर ते तोंड टाकत, माझ्यावर कधीच नाही. तीस-बत्तीस वर्षांत किती पोरं माझ्यावर चढली, उलटी लटकली, धपकन पडली आणि धूळ झटकून पुन्हा चढली! टाळ्या त्यांना पडायच्या, पण मला त्या माझ्याच वाटत.

पुढे माझा बुंधा जमिनीत कुजला आणि शाळेने नवा खांब आणला. मास्तरही त्याच वर्षी निवृत्त होणार होते. मला भंगारात टाकणं त्यांच्या जिवावर आलं. हातगाडीवर घालून त्यांनी मला गुलमंडीमागच्या बद्रीनाथकडे आणलं. हा सुतार बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा, गिटारी बनवायचा. मास्तरांची मुलगी भानुमती कॉलेजात गिटार शिकत होती. निरोपाच्या दिवशी त्याच मैदानात तिने मला वाजवावं, एवढीच मास्तरांची इच्छा.

बद्रीनाथने माझ्या पट्ट्या काढल्या, जोडून पाठ केली, कडा वाकवल्या. पोट, म्हणजे तारांखालची फळी, तेवढी देवदाराची. मी आपली झोकात होते. पण तेल लावायची वेळ आली आणि ग्रह फिरले. जवसाचं तेल एरवी दोन-तीन दिवसांत वाळतं. माझ्यावर ते आठ दिवसांनीही गुळाच्या पाकासारखं चिकट! बद्रीनाथने तेलाचा डबा बदलला. मला उन्हात ठेवलं, तर मी जास्तच पाझरले.

"शिसवाला सोताचं तेल असतंयच," तो वैतागून म्हणाला, "त्यात ह्यानं तीस वर्सं एरंडेल पेलंय. एरंडेल कधी वाळतंय व्हय?"

मग त्याने मला स्पिरिटने पुसलं. फडकं पिवळं निघालं, मग कमी पिवळं, मग पांढरं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चिकट! असं तीनदा झालं.

आता निरोप समारंभ शनिवारी होता. "शुक्रवार सांजंपर्यंत बघतो," बद्रीनाथ म्हणाला, "नाय तर पाठ उचकटून प्लायवूड लावतो. ही जाईल चुलीत. लई झ्याक पेटंल."

माझं काळीज लाकडाचं, तरी धडधडू लागलं. कारण असं का होतंय, ते मला माहीत होतं. दुपारी बद्रीनाथ जेवायला घरी जायचा आणि मला बघायला आलेले मास्तर दुकान सांभाळायचे. एकटे झाले की ते खिशातून एरंडेलाची चिंधी काढत आणि हळूच माझ्या पाठीवर फिरवत. "किती कोरडं केलं रे तुला," म्हणत. तो हात मला हवाहवासा वाटायचा आणि त्याचीच मला भीती वाटायची. ओरडून सांगावं, तर तारासुद्धा अजून चढल्या नव्हत्या.

शुक्रवारी दुपारी भानुमती दुकानात आली. आठवडाभर ती वडिलांच्या सदऱ्याच्या खिशावरचे तेलाचे डाग घासत होती. दारातूनच तिने चिंधी पाहिली.

"अण्णा! हे काय?"

"अगं, तडकेल म्हणून जरासं..."

मागोमाग बद्रीनाथ आला आणि कपाळाला हात लावून बसला. "मास्तर, तवा तो खांब व्हता. आता त्याला वाजायचंय."

मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता माझं काहीच काम नाही?"

बद्रीनाथने स्पिरिटची बाटली पुढे सरकवली. "हाय की. तुमीच लावलंय, तुमीच काढा. फडकं पांढरं निघंस्तोवर."

मास्तर दिवेलागणीपर्यंत पुसत होते. मग बद्रीनाथने लाखेच्या पॉलिशचा पातळ हात दिला. तो बघता बघता वाळला. जवसाचं तेल पुढच्या महिन्यात, बोटाने लावून लगेच पुसायचं, असं ठरलं.

रात्रीतून तारा चढल्या आणि शनिवारी मी वाजले. मैदानात नवा मल्लखांब ऐटीत उभा होता. पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरांचा हात सारखा खिशात जात होता. खिसा रिकामा होता.

मित्रांनो, वस्तूंवर माया करा, पण आज त्यांना काय हवं आहे, ते आधी बघा. कालची माया आज गळ्याशी येऊ शकते.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी सगळी पाठ वाळली. फक्त जोडाजवळ तळहाताएवढी जागा दमट दिवसांत अजून चिकटते. "काढून देऊ का?" असं बद्रीनाथने एकदा विचारलं होतं. भानुमती "नको" म्हणाली. पावसाळ्यात ती कोरड्या फडक्याने माझी पाठ पुसते आणि मग थोडा वेळ हात तिथेच ठेवते.