गाण्याच्या ठेक्यावर चालणारा गाडा

मी एक जुना हातगाडा आहे, मित्रांनो. किती जुना, ते माझ्या डाव्या चाकाला विचारा; ते एकदा कुरकुरायला लागलं की थांबत नाही. मी स्वतः कमी बोलतो. पण तुम्ही रोज शाळेला जाताना मला पायाने ढोसून पुढे जाता, आणि माझ्याबद्दल तुमच्या घरी जे सांगितलं गेलंय त्यातलं निम्म्याहून अधिक खोटं आहे. म्हणून आज बोलतो.

माझा जन्म प्रार्थनाघराच्या अंगणात झाला. तिथल्या ख्रिस्ती मंडळीने बसायला खुर्च्या घेतल्या आणि जुनी बाकं भिंतीशी उन्हात पडून राहिली. मंडळीतल्या सुतारकाकांना लाकूड वाया गेलेलं बघवत नसे. त्यांनी दोन लांब बाकं मोडली आणि माणूस पाय पसरून निजेल एवढा मला केला. त्यामुळे माझ्या फळ्यांनी माझ्या जन्माआधीच पुष्कळ उपदेश ऐकले होते, आणि उपदेश चालू असताना पेंगणारी माणसंही सांभाळली होती. चाकं दूधवाल्याच्या मोडक्या गाडीची मिळाली.

आमची गल्ली सगळी उतारावर आहे. ती इतकी अरुंद आहे की मोटार आत येत नाही. वरच्या टोकाला मंडळीचं कबरस्तान आणि खालच्या टोकाला मोठा रस्ता, जिथे दवाखान्यात जायला वाहन मिळतं. मला केलं ते शवपेट्या वर न्यायला. पण गल्लीत आजारी माणसं मेलेल्यांपेक्षा जास्त असतात. लवकरच मी आजाऱ्यांना खाली न्यायला लागलो, आणि ते मंडळीतलेच असावेत असा काही नियम नव्हता. माळ्याचा मोडलेला पाय मी नेला. शिक्षकाच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला नेलं आणि चार दिवसांनी जुळ्यांसकट वर आणलं. तेव्हा लोक माझ्या चाकांना न सांगता तेल घालून जात. माझी शेड शिंपीमामांच्या दुकानाला लागून होती आणि तिला कुलूप नव्हतं. भिंतीपलीकडे मामांचं शिवणयंत्र दिवसभर खडखडत असे आणि मामी काजं करत बसलेल्या असत.

उतारावर मला आवरणं सोपं नाही. दोघे पुढे दांडा धरतात, दोघे मागून दोर ताणून धरतात. चौघांचा जोर एकाच वेळी लागला नाही तर मी उधळतो. म्हणून मंडळीतली माणसं गात. मामा ओळ उचलायचे आणि ओळीच्या शेवटच्या शब्दावर सगळे मिळून दोर आवळायचे. गाणी उपासनेतली असत, कारण चौघांना सारखी पाठ असलेली तीच होती. मामांचा आवाज यंत्राच्या खडखडाटावर बोलून बोलून फाटलेला होता, पण ठेक्याला पक्का. त्या गाण्यावर मी कितीतरी वर्षं एकदाही घसरलो नाही.

मग एका सकाळी गवंड्याच्या आईच्या छातीत दुखायला लागलं. गवंडी कामावर होता. त्याच्या बायकोने हाक मारली, तसे आमचे लोक धावले. ती तान्ह्या लेकरापाशी घरी थांबली आणि मंडळीचे धर्मगुरू म्हणजे आमचे पाळक, त्यांची बायको म्हातारीच्या उशाशी चालू लागली. अर्ध्या उतारावर म्हातारीचा श्वास अडकला. मला थांबवलं. पाळकांच्या बायकोने तिच्या ओठांना पाणी लावलं, कपाळावर हात ठेवला आणि डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली. मरणाऱ्या माणसापाशी या लोकांचं असंच होतं. शब्द आपोआप बाहेर पडतात. समोरचं माणूस आपल्यातलं आहे का, त्याच्या घरच्यांना हे चालेल का, याचं भानच राहत नाही. म्हातारी तिथेच गेली. दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या होत्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीच्या तोंडी ओठांना लावलेल्या पाण्याचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे म्हातारीला पाण्याने ख्रिस्ती करून घेतलं असं. दुसऱ्या दिवशी असं ठरलं की त्या बाप्तिस्म्यासाठीच मला मुद्दाम वाटेत थांबवलं होतं, नाहीतर म्हातारी वाचली असती. गवंडी आईवेडा माणूस. त्याने ते खरं मानलं.

त्यानंतर गल्ली बदलली. वाणी उघड्या पोत्यासमोर बसून आमच्या लोकांना “संपलंय” म्हणायला लागला. मामांकडे शिवायला टाकलेली कापडं लोक तशीच परत घेऊन गेले. प्रार्थनाघराच्या भिंतीवर रंगाने “चालते व्हा” लिहिलं गेलं आणि काचा फुटल्या. एका दुपारी दहा-बारा जणांनी मला शेडमधून ओढून काढलं आणि उतारावर सोडून दिलं. मी नळाच्या कट्ट्यावर आदळलो आणि माझा कणा मोडला. लोक हसले. हसणाऱ्यांत माझ्यावर निजून खाली गेलेलेही होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. कणा मोडल्याचं त्या मानाने काहीच नाही.

सुतारकाका मला नवा कणा बसवत होते तेव्हा मंडळी अंगणात जमली. मामांचा जावई तापलेला होता.

“आता कुलूप लावा. आपला गाडा आपल्यापुरता. त्यांची माणसं त्यांनी खांद्यावर न्यावीत.”

पाळकांची बायको रडत म्हणाली, “माझ्यामुळे झालं हे सगळं.”

“तुम्ही काय पाप केलंत?” मामा म्हणाले. “प्रार्थनाच केली ना?”

पाळक हडकुळा माणूस. ते म्हणाले, “प्रार्थना पाप नाही, मामा. पण तिच्या लेकाला आपण विचारलं नाही. माझी आई त्यांच्या ओट्यावर गेली असती आणि मला न विचारता त्यांनी त्यांच्या पद्धतीने काही केलं असतं, तर मलाही लागलंच असतं. मी जाऊन माफी मागणार आहे.”

“वा! दगड त्यांनी मारायचे आणि माफी आपण मागायची?”

“दगडांची नाही. न विचारल्याची. तेवढीच आपली आहे.”

पाळकांनी आणखी दोन गोष्टी सुचवल्या. शेड उघडीच ठेवायची, आणि आजाऱ्याच्या घरच्यांनी सांगितल्याशिवाय गाडा ओढताना गायचं नाही. आकडे मोजून ओढायचं.

मामा उसळले. “म्हणजे आता प्रभूचं नाव घ्यायचीही लाज वाटायला लागली का, पाळकसाहेब?”

तेव्हा मामी, ज्या सहसा चारचौघांत बोलत नसत, म्हणाल्या, “अहो, लाज कसली? आजारी माणूस गाड्यावर अडकलेलं असतं. नको वाटलं तर त्याला उठूनही जाता येत नाही.”

मामांना हे पटलं नाही. ते रुसले आणि दोराला यायचे बंद झाले. पाळक गवंड्याच्या घरी गेले. गवंड्याने दार त्यांच्या तोंडावर लावलं आणि त्या आठवड्यात उरलेल्या काचाही फुटल्या. दोन कुटुंबं गल्ली सोडून गेली. एकाने दारावरचा क्रूस काढून ठेवला. मी कुणाला नावं ठेवत नाही. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांचे हिशेब वेगळे असतात.

काही महिन्यांनी गवंडी परांचीवरून पडला. त्याचे दोघे भाऊ कामावरच्या दोन माणसांना घेऊन धावत आले, शेड उघडली आणि मला घेऊन गेले. कुणाला विचारलं नाही; विचारायची पद्धतच नव्हती. त्यांना ठेका माहीत नव्हता. मी आदळत आपटत खाली पोचलो, पण पोचलो. वाहन मिळालं, एक भाऊ गवंड्याबरोबर गेला. दुसरा माझ्यापाशी उरला. मला वर न्यायचं म्हणजे सगळ्या गल्लीच्या डोळ्यांसमोरून ख्रिस्त्यांचा गाडा ढकलत जायचं. त्याने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“राहू दे इथेच,” तो बरोबरच्यांना म्हणाला. “त्यांचा आहे, ते नेतील.”

त्यांनी मला बाजूला लोटलं. माझं एक चाक गटारात गेलं आणि मी तिरका पडून राहिलो.

त्याच दुपारी मामींच्या छातीत कळ आली. जावई शेडकडे धावला. शेड रिकामी होती. मग त्यांनी मामींना खुर्चीवर बसवलं आणि मामा, जावई, पाळक आणि सुतारकाका अशा चौघांनी ती खुर्ची उचलली. उतारावर खुर्ची नेणं फार अवघड असतं. दर थोड्या अंतरावर टेकवावी लागते, धरायची जागा बदलावी लागते. मला ते खालून दिसत होतं. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. खाली पोचल्यावर त्यांना मी दिसलो. त्यांनी मला गटारातून ओढून काढलं आणि मामींना माझ्यावर निजवलं. जिवंत माणसाचं आणि गेलेल्या माणसाचं वजन मला वेगळं लागतं. मामी गेलेल्या होत्या. मामांना ते कळलं नव्हतं. ते दांडा धरून म्हणत होते, “चला ना. उभे काय राहिलात? चला.”

दुसऱ्या दिवशी मी मामींना वर नेलं. त्या दिवशी ओळ मामांनी उचलली नाही. जावयाने गाणं धरलं. त्याला ठेका नव्हता. गवंड्याच्या घरापुढे एक दगड येऊन शवपेटीवर पडला. कुणी मागे वळून पाहिलं नाही. वरून परत आल्यावर जावयाने बाजारातून कुलूप आणलं आणि शेडला घातलं. किल्ली त्याने मामांच्या हातात दिली. पाळकांनीही त्याला नको म्हटलं नाही.

त्यानंतर बरेच दिवस भिंतीपलीकडचं यंत्र बंद होतं. ते पुन्हा सुरू झालं त्याच्या आसपास गवंड्याची बायको दुकानाच्या दारात आली.

“मामा, यांना घरी आणायचंय. कमरेपासून खाली प्लास्टर आहे. खांद्यावर आणता येणार नाही म्हणतात.”

यंत्र थांबलं.

“कुठल्या तोंडाने मागता हो?” जावई ओरडला. “काय केलंत माहीत आहे का तुम्ही?”

“तिला काय माहीत असणार?” मामा म्हणाले. ती बाई जायला निघाली असावी, कारण मामांनी तिला हाक मारली. “थांबा. चौघं लागतील. तुमचे दीर मागून ढकलतील का?”

“विचारते.”

“विचारा. आणि गाणार नाही म्हणावं. मी मोजेन.”

जावई आला नाही. दांड्याला मामा आणि पाळक, मागून ढकलायला ते दोघे भाऊ. चढावर दोर पुढे बांधतात आणि मामांनी तो खांद्यावर घेतला होता. त्यांचा फाटका आवाज मोजत होता. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. गवंडी आभाळाकडे बघत निजला होता. अर्ध्या चढावर, काहीतरी बोलायचं म्हणून असेल, त्याने विचारलं, “मामी बऱ्या आहेत ना?”

मोजणं थांबलं. “गेली ती.”

“अरे! कधी?”

“तुम्ही पडलात त्या दिवशीच. दुपारी. छातीत कळ आली. खुर्चीवरून खाली आणली, वेळ लागला.”

“खुर्चीवरून कशाला? गाडा—” एवढं बोलून गवंडी थांबला. माझ्या मागे त्याच्या भावाचे हात सुटले आणि मी वीतभर मागे घसरलो.

“जोर लावा,” मामा मागे न बघता म्हणाले. “माणूस आहे गाड्यावर. एक, दोन—”

घरापर्यंत नुसतं मोजणं चाललं. गवंडी माफी मागायला कधी आला नाही. भिंतीवरची अक्षरं अजून तशीच आहेत आणि वाणी अजून “संपलंय” म्हणतो. त्याच संध्याकाळी मामांनी शेडचं कुलूप काढलं, आणि महिन्याभरात जावई मामांच्या लेकीला घेऊन दुसरीकडे राहायला गेला. जाताना तो मामांशी बोलला नाही. मामा एकटेच असतात आता. आजाऱ्याला खाली नेताना ते मोजतात. वर कबरस्तानात जाताना गातात, पण ओळ पुरी करायला मागे फारसं कुणी उरलेलं नाही.

मित्रांनो, तुमचे मोठे लोक कुणाचा देव खरा यावर भांडतात. त्यातलं मला कळत नाही. मला एवढंच कळतं की माझ्यावर निजलेल्या माणसाच्या घरच्यांना आधी विचारायला हवं होतं, आणि ते विचारायचं राहिलं म्हणून पुढे जे झालं तेवढं व्हायला नको होतं. तुम्ही अजून लहान आहात, म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. अडीअडचणीला कुणाचीही वस्तू न्या. ते तुम्हाला आवडत नसले तरी न्या. पण काम झालं की तिच्या जागी परत आणून ठेवा. लोक बघतील, हसतील, तरी आणून ठेवा. ती वर कुणाला लागणार आहे, हे खाली उभं राहून कळत नाही.