मालकाची पोरगी

आळे गावच्या दादाभाऊंचा लाऊडस्पीकरचा धंदा बसला, तशी स्पीकर वाहायची बंद पत्र्याची ट्रॉली गोठ्यामागं नुसती उभी राहिली. तिचं आतून छोटं घर करायची कल्पना त्यांच्या मुलीची, प्राचीची. ती पुण्यात नोकरीला होती. तिनं फोनवर दोन-चार व्हिडिओ पाठवले आणि दादाभाऊंनी ते मनावरच घेतलं. ग्राइंडरनं पत्रा कापून खिडक्या काढल्या. ऊन लागू नये म्हणून आतून थर्माकोल लावून वर प्लायवूड ठोकलं. वाफ बाहेर जायला छतात झडप बसवली. दिवसा बाक, रात्री पलंग होईल अशी फळी केली आणि तिची करकर थांबेपर्यंत बिजागऱ्या बदलत राहिले. बाहेरून पांढरा रंग मारला आणि फोन केला, "गाडी तयार हाय. मैत्रिणीबित्रिणींना घिऊन ये, आहुप्याच्या डोंगरावर नेतो समद्यांना."

प्राची ऑफिसातल्या श्रेया आणि ऋषीला घेऊन मंचरला एसटीतून उतरली. दादाभाऊ जीपला ट्रॉली जोडून आधीच येऊन थांबले होते. वाटेत चाक पंक्चर झालेलं, त्यामुळं शर्टाला ऑइल, हात काळे. ऋषीनं बॅग पुढं केली, "ड्रायव्हरकाका, ही जरा मागं टाकता का?"

प्राचीनं तोंड उघडलं. हे माझे अण्णा, एवढंच म्हणायचं होतं. पण श्रेयाचे वडील प्राचार्य, ऋषीचे डॉक्टर, आणि अण्णांच्या पायात झिजलेली रबरी चप्पल. शब्द आतच राहिला. तेवढ्यात श्रेया ट्रॉलीत डोकावून ओरडली, "अगं, कसलं भारी आहे हे! कुणी केलं?"

"ओळखीतला एक माणूस आहे," प्राची म्हणाली.

दादाभाऊ मागं वाकून साखळी अडकवत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग ते उठले आणि मुलीकडं न बघता म्हणाले, "बसा म्याडम. पुढं घाट हाय."

घोडेगाव गेलं, डिंभे धरणाचं पाणी बाजूनं लांबपर्यंत चालत राहिलं. मागच्या सीटवर गाणी चालली होती. प्राचीही गात होती आणि समोरच्या आरशात बघायचं टाळत होती.

आहुप्यात संध्याकाळी तिनं ताट वाढून जीपकडं नेलं. "अण्णा, मी..."

"जा तू. दोस्त वाट बघत्यात."

ऋषी तंबूत झोपला, पोरी ट्रॉलीत, दादाभाऊ जीपच्या सीटवर पाय दुमडून. प्राची कूस बदलत राहिली. खालची फळी जरासुद्धा वाजत नव्हती.

सकाळी तिरपं ऊन ट्रॉलीवर पडलं. ऋषी चहाचा कप घेऊन बाजूला उभा होता. "काका, इथं रंगाखाली काहीतरी लिहिलंय. प्राची... साऊंड... सर्व्हिस. ही प्राची कोण?"

दादाभाऊ नट आवळत होते. "जुन्या मालकाच्या पोरीचं नाव हाय," ते म्हणाले. "लई लाडाची व्हती त्याच्या."

प्राची ऐकत होती. आपलं खोटं अण्णा स्वतःच्या अंगावर घेऊन सांभाळत होते, तेही इतक्या सहज.

"मीच ती," ती म्हणाली. "हे माझे वडील आहेत. गाडी यांनीच केलीय. मी काल सांगितलं नाही."

श्रेयानं कप खाली ठेवला. ऋषी गडबडून म्हणाला, "काका, सॉरी, मी बॅग..."

"त्यात काय झालं? बॅग जडच व्हती," दादाभाऊ म्हणाले आणि पाना घेऊन पलीकडच्या चाकाकडं गेले.

प्राची त्यांच्यामागं गेली, शेजारी उकिडवी बसली.

"कशाला सांगितलंस?" ते हळूच म्हणाले. "पोरं अवघडली आता."

"अण्णा..."

"माजी लाज वाटली व्हय गं?"

खोटं बोलून नाही म्हणणं अजूनही सोपं होतं. "हो," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. पाना पुढच्या नटाला लावला. प्राचीला वाटलं, ओरडावं यांनी, एक ठेवून द्यावी. ते तसं काहीच करणार नव्हते, हे तिला माहीत होतं.

परतताना ती पुढं त्यांच्या शेजारी बसली. मागं दोघं फोनमध्ये डोकं घालून होते. घाट उतरून गाडी सरळ रस्त्याला लागल्यावर दादाभाऊंनी विचारलं, "चहा करताना वाफ कोंडत व्हती का आत?"

"न्हाई अण्णा," ती म्हणाली. "झडप चांगली चालते."

"मग बरं."

त्यांनी आरशातून मागच्या ट्रॉलीकडं एकदा बघितलं आणि मंचरचा रस्ता धरला.