बरणीतलं मूळ

मूळवाल्याच्या खोलीबाहेर सकाळपासून रांग लागली होती. आत फळीवर काचेच्या बरण्या, आणि प्रत्येकीत एकेक काळपट गोळा: हे कुणाच्या गालावरच्या कर्करोगाचं मूळ, ते कुणाच्या कानावरच्या. "डॉक्टर फांद्या छाटतात, मी मुळावरच घाव घालतो," असं तो लेप घोटता घोटता सांगे आणि लोक माना डोलावत. मुळांना पाणी घालत नव्हता, एवढंच.

रांगेत दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक गृहस्थ होते आणि त्यांच्या शेजारी धुमसत उभी त्यांची मुलगी. उन्हात शिडीवर त्यांचा जन्म गेला होता. नाकाजवळची जखम भरेना, तपासणीत त्वचेचा कर्करोग निघाला. ते थेट मूळवाल्याकडे गेले. लेपानं आठवड्यात काळी खपली पडली, ती बरणीत गेली आणि मागे गुळगुळीत वण राहिला. आज ते आभार मानायला आले होते.

मुलगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथं सर्जन पातळ थर काढून पाठवत. ती त्याच्या कडांना रंग लावून काप करी. सूक्ष्मदर्शकाखाली जिथं रोग उरलेला दिसे, तिथलाच पुढचा थर काढला जाई. कड स्वच्छ आली की मगच टाके. हे तिनं वडिलांना दहादा समजावलं होतं. त्यांचं म्हणणं, थोडं थोडं काढत बसतात त्यांना मूळ सापडलेलं नसतं.

पण वणाखाली कठीण लागत होतं, आणि ते डोळ्याकडे सरकत होतं. मुलीनं ओढून नेलं तेव्हा सर्जननी बजावलं होतं, महिन्याच्या आत शस्त्रक्रियेला या, नंतर डोळा वाचणार नाही.

त्यांची पाळी आली तशी मुलीनं बाही वर सारली. धडधाकट दंडावर तिनं गुपचूप तोच लेप लावून पाहिला होता. तिथं आता भाजल्यासारखा खळगा होता. पर्समधून डबी काढून तिनं बरण्यांशेजारी ठेवली. आत तसाच काळा गोळा.

"हा लेप कातडी जाळतो," ती म्हणाली. "जळलेलं मांस गळून पडतं, त्यालाच हा मूळ म्हणतो. मला रोग नव्हता, तरी मूळ निघालं."

रांगेतले लोक पुढे सरकून बघू लागले. मूळवाल्याचा हात थांबला. वडिलांनी तिचा दंड जवळ घेऊन निरखला आणि त्यांना भरून आलं.

"म्हणजे तुलाही होतं, पोरी," ते म्हणाले. "वेळेवर निघालं बघ."

रांगेला हायसं वाटलं. मूळवाल्यानं तिच्यासाठी नवी बरणी पुसायला घेतली.

कर्करोगाला झाडासारखं मूळ नसतं. त्याला कड असते, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कुणी बरणी दाखवली तर एवढंच विचारा, कड कुणी तपासली? ती वडिलांना हे रोज विचारते. महिन्यातले एकोणीस दिवस गेले आहेत.